हरणाऱ्यानं भाडं द्यायचं

वर्षावास सुरू होता. विहारात ग्रंथवाचनाला पोरं का येत नाहीत, यावर बैठक बसली होती. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "पोरं इथं कशी येतील? सगळी स्टँडमागं काठ्या घासत बसलीत." सगळे हसले. मागच्या रांगेत आम्ही होतो, आम्हीही हसलो. मग बोटांकडं लक्ष गेलं. निळा चॉक तसाच होता. वाचनाला यायच्या आधी एक फ्रेम खेळून आलो होतो आणि हात धुवायचे राहिले होते.

पुढं ते म्हणाले की बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुम्ही चार चार तास टेबलाभोवती फिरता. हे म्हणणारा माणूस साधा नाही. नामांतराच्या लढ्यात त्यांनी मार खाल्लेला आहे. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यामुळं त्यांच्यासमोर आम्ही बोललो नाही. पण न बोलता राहिलं की आपण चूक कबूल केली असा अर्थ होतो, म्हणून हा लेख. अर्धं उत्तर आहे, अर्धी कबुली आहे. कोणतं अर्धं कुठलं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आधी ती जागा कशी आहे ते सांगतो, कारण टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती आतून पाहिलेली नाही.

शिरूर कासार हे तालुक्याचं गाव आहे, पण मोठं काही करायचं तर बीडला जावं लागतं. सिनेमा बघायचा, बीड. पुस्तक घ्यायचं, बीड. पोरांनी संध्याकाळी बसायचं कुठं? चहाचं हॉटेल, पारावर, नाहीतर सिंदफणेच्या पुलावर. पारावर कोण बसतं आणि कोण उभं राहतं हे तुम्हाला माहीत आहे, आम्ही सांगायला नको. तेव्हा कुणीतरी एक गाळा भाड्यानं घेतला आणि दोन पूल टेबलं आणून टाकली. मालकाचं नाव लिहीत नाही, गाळ्याचंही नाही. आधी तिथं खताचं गोदाम होतं. पाऊस पडून गेला की अजून भिंतीतून युरियाचा वास येतो. शटर अर्धं खाली असतं, त्याखालून वाकून आत जायचं. आत टेबलावर लोंबकळणारे दोन दिवे, भिंतीला लागून एक बाक, पाण्याचा जार, एक वही. वहीत नंबर लावायचा असतो.

दोन्ही टेबलं सात फुटी आहेत. पहिल्या टेबलाचं कापड एका जागी फाटलं होतं, ते शिवून घेतलंय. चेंडू त्या शिवणीवरून गेला की हलकी उडी मारतो. दुसरं टेबल सपाट नाही, कारण खालची फरशी सपाट नाही. चेंडू हळू सोडला की तो एका कोपऱ्याच्या खिशाकडं झुकतो. नवा माणूस म्हणतो टेबल खराब आहे. रोज खेळणारा काही बोलत नाही, तो उताराचा हिशोब मनात धरून मारतो. स्टिका सहा आहेत, त्यातल्या दोनच सरळ. स्टिक टेबलावर ठेवून लोळवली की कळतं, वाकडी असेल तर ती डुलत जाते. टोकाची चामडी टिप निघाली की मालक फेविक्विकनं चिकटवतो आणि ती दगडासारखी कडक होते. मग पांढऱ्याला फिरकी लागत नाही, कितीही चॉक घासा. दोन सरळ स्टिकांसाठी पोरं संध्याकाळी सहाच्या आधी येतात. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एकच दिवा चालतो आणि अर्ध्या टेबलावर सावली पडते. आम्ही सावलीतही खेळलो आहोत.

खेळ सगळ्यांना माहीत असेलच, तरी थोडक्यात. पंधरा रंगीत चेंडू, एक पांढरा, सहा खिसे. एक ते सात नंबरचे एकाचे, नऊ ते पंधरा पट्ट्याचे दुसऱ्याचे. आपले सात घालवायचे आणि शेवटी आठ नंबरचा काळा. काळा आधी गेला तर हरलात. काळ्याबरोबर पांढराही खिशात गेला तरी हरलात.

एका फ्रेमचे तीस रुपये. ते कोण देणार? जो हरेल तो. याला सगळीकडं 'लूजर पे' म्हणतात आणि सगळेच तो खेळाचा साधा नियम समजतात. आमचं म्हणणं आहे की या हॉलमध्ये जे काही कळण्यासारखं आहे ते या एका नियमात आहे.

नियम सगळ्यांना सारखा आहे, मान्य. पण हरणं सगळ्यांना सारखं नाही. ज्याच्या घरी वीस एकर बागायत आहे आणि दारात बोलेरो उभी आहे, तो तीन फ्रेम लागोपाठ हरला तर नव्वद रुपये देतो आणि चौथी लावतो. आमच्यातला एखादा दोन हरला की वहीतलं नाव खोडून बाकावर येतो. त्याची संध्याकाळ संपली. म्हणजे ज्याच्याकडं पैसा आहे त्याला हरून हरून शिकता येतं. ज्याच्याकडं नाही त्याला न हरता शिकावं लागतं. ते कसं शक्य आहे? शक्य आहे, पण त्याचा रस्ता वेगळा आहे.

आम्ही पहिलं जवळजवळ एक वर्ष बाकावर बसून काढलं. बाकाला भाडं नाही. एक वर्ष माणूस नुसता बघत राहिला की त्याला बरंच दिसायला लागतं. चेंडू गेला याला लोक टाळी देतात, पण पांढरा कुठं जाऊन थांबला हे कुणी बघत नाही. आम्ही पांढरा बघायचो. कोण कोणत्या खिशाला घाबरतो, कोण मागं कुजबुज झाली की चुकतो, कोण काळा राहिला की घाईला येतो, सगळं पाठ झालं. हातात स्टिक आली तेव्हा हात नवखे होते, पण डोळे तयार होते.

आणि म्हणून आमच्या पोरांचा खेळ वेगळा झाला. आम्ही जोरात मारत नाही. जाईल की नाही अशी शंका असली तर चेंडू घालवायच्या नादाला लागत नाही, पांढरा अशा ठिकाणी नेऊन लपवतो की पुढच्याला मारताच येऊ नये. दहा दहा मिनिटं हाच खेळ चालतो. समोरचे वैतागतात. एकदा एकानं म्हटलं, "तुम्हा लोकांचा गेम लईच भित्रा आहे राव." यातलं 'तुम्हा लोकांचा' आम्ही बरोबर ऐकलं. पण भित्रा या शब्दावर आम्ही नंतर खूप बोललो. तीस रुपये ज्याच्यासाठी तीस रुपये आहेत त्यानं सावध खेळायचं नाही तर कुणी खेळायचं? धाडस करायला मागं काहीतरी लागतं. आमच्या बापजाद्यांचं सगळं शहाणपण याच जातीचं आहे, पुढच्याला मारायला जागाच द्यायची नाही. त्याला कुणी भित्रेपणा म्हणावं याचा राग आला, आणि तो राग आम्ही त्या दिवशी तीन फ्रेम जिंकून काढला. नव्वद रुपये त्यानं दिले.

आता कुणी म्हणेल, हा तर साहेब लोकांचा खेळ, तुम्हाला कशाला हवा. साहेबांचा आहेच. पूलचा थोरला भाऊ म्हणजे स्नूकर, आणि तो खेळ आपल्याच देशात जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं तो सुरू केला (पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे). नंतर उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. त्या क्लबांत हिंदी माणूस आत जायचा तो पेला घेऊन किंवा मार्कर म्हणून. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, चेंडू लावणारा, स्टिका पुसणारा नोकर. दिवसभर टेबलाजवळ उभा. साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचं, आणि किती हरायचं हेही कळायला हवं.

हे वाचलं की आम्हाला पळवणकर बाळू आठवतात. क्रिकेट वेगळं, पण गोष्ट तीच. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला, जाळी लावायला महिना चार रुपयांवर होता. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सराव हवा म्हणून बाळूच्या हाती चेंडू दिला गेला, बॅट कधीच नाही. त्या चेंडूच्या जोरावर बाळू पुण्याच्या हिंदूंच्या संघात गेले. मैदानावर त्यांनी काढलेल्या विकेटा सगळ्यांना चालायच्या. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपातून प्यायचे आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते पुढं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं. (याच बाळूंना १९३७ साली काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभं केलं आणि ते पडले. तो हिशोब वेगळा. त्यानं मातीचं भांडं खोटं ठरत नाही.)

आमच्या हॉलमध्ये पाण्याचा जार एकच आहे आणि ग्लासही एकच, साखळीनं बांधलेला. सगळे त्यातूनच पितात. स्टिक आमच्या हातातून त्यांच्या हातात जाते, चॉकचा एकच खडा सगळ्यांची बोटं निळी करतो. आमच्या आजोबांना हे सांगितलं तर खरं वाटलं नसतं. म्हणून आम्ही म्हणतो की या जागेला नुसतं टवाळखोरांचा अड्डा म्हणून सोडून देऊ नका. संविधानाचा अनुच्छेद १५ काढून वाचा. त्यातला दुसरा भाग सांगतो की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा इथं कुणालाही अडवता येणार नाही. विहिरी, तलाव, घाट, रस्ते पुढं येतात. करमणूक हा शब्द तिथं चुकून आलेला नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा दुकान म्हणजे नेमकं काय, त्यात न्हाव्याचं दुकान येतं का, धोब्याचं येतं का असे प्रश्न आले. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की तो शब्द व्यापक अर्थानं घातलाय, पैसे घेऊन जो सेवा देतो तो त्यात आला.

पूल खेळलो नाही म्हणून कुणी मरत नाही, हे खरं. चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून मरणार नव्हतो, हेही महाडला बाबासाहेबांनीच सांगितलं होतं.

पण जागा खुली असणं आणि जागा आपली असणं यात अंतर आहे. ते अंतर आम्हाला एका फोननं मोजून दिलं.

एप्रिल सुरू होता. आमच्यातल्या एकाचा फोन टेबलाच्या कडेला ठेवलेला होता, तो वाजला. रिंगटोन भीमगीताची. समोरचा काळ्यावर नेम धरून वाकलेला होता. तो चुकला. चुकून तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे बंद कर आधी. इथं हे नाही वाजवायचं." हॉलमध्ये दहा-बारा जण होते. सगळे गप्प झाले. 'हे' म्हणजे फोन की गाणं, हे सगळ्यांना कळलं होतं.

आमच्या जिल्ह्याला लागून नगर जिल्हा आहे. तिथं शिर्डीत मे २०१५ मध्ये लग्नाला आलेल्या एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण झालं आणि त्याचा खून झाला. त्याच्या आदल्या वर्षी खर्ड्याला काय झालं तेही विसरलेलो नाही. आमच्या माया अजून सांगतात, बाहेर निघालास तर फोन बारीक ठेव. तेव्हा त्या एका वाक्यानंतर हॉलमध्ये जी शांतता झाली ती साधी नव्हती. ज्याचा फोन होता त्यानं तो उचलला, बोलला, ठेवला. बंद केला नाही. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "आणि काल तुझा वाजला तेव्हा?" काल त्याच्या फोनवर हरिपाठ वाजला होता. कुणीही काही म्हटलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही.

मारामारी झाली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला: फोन सायलेंट ठेवावा. मालकाला वाटलं विषय मिटला. दोन दिवसांत कुणाचा हरिपाठ, कुणाची आरती, कुणाचं नेत्याचं गाणं पुन्हा वाजायला लागलं आणि तो कागद फक्त आमच्याकडं बघत राहिला. सारखा नियम असमान कसा होतो, हे 'लूजर पे'नं आम्हाला शिकवलेलंच होतं.

पोरांमध्ये दोन मतं पडली. काही म्हणाले, यायचंच बंद करू, आपलं कॅरम विहारात आहे. काही म्हणाले, ॲट्रॉसिटी करू. कायदा आम्ही वाचलेला होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर करमणुकीच्या सार्वजनिक जागेत प्रवेशाला अडवणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. पण अडवलं कुठं होतं? अडवलं नव्हतं, फक्त आम्ही कसं असावं ते सांगितलं होतं. कायद्याचं हत्यार जिथं लागतं तिथंच काढावं, नाहीतर उद्या खरा गुन्हा घडेल तेव्हा ठाण्यात आपलं कोण ऐकणार, असं आमच्यातल्याच एकानं सांगितलं आणि ते पटलं. यावर आम्हाला बोल लावणारे आहेत. लावोत.

आम्ही वेगळं केलं. आधी हिशोब काढला. दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गावं ओस पडतात आणि हॉलही. फाल्गुन-चैत्रापर्यंत तिथं येतो कोण? भरतीची तयारी करणारी पोरं, कॉलेजची पोरं, दुकानात कामाला असलेली पोरं. त्यात आमच्या वस्तीतली निम्म्याला निम्मी. मालकाची वही त्या चार महिन्यांत आमच्या नावांवर चालते. हे आम्ही त्याच्याशी भांडून सांगितलं नाही. त्याच्याच वहीतून वाचून दाखवलं. आणि म्हणालो, "भाऊ, नियम ठेव. पण जो मोडेल त्याला एका फ्रेमचं भाडं दंड, मग कुणाचाही फोन असो." सोबत अनुच्छेद १५ ची छापील प्रत दिली, ती त्याच भिंतीवर लावायला. त्यानं प्रत घेतली, बराच वेळ बघितली, म्हणाला, "हे लावलं तर लोक म्हणतील इथं काहीतरी झालंय." आम्ही म्हणालो, झालंच होतं की. शेवटी लावली. दंडाचा पहिला मानकरी आमच्यातलाच निघाला, हे सांगायला हवं. तीस रुपये दिले.

इथवरचं सगळं आम्ही अभिमानानं सांगतो. आता कबुली.

आमच्यातल्या एकाचं नवीन लग्न झालं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादमाशी ठरलं आणि दसऱ्याच्या आधी उचल हातात आली. तो चांगला खेळायचा, आमच्यात सगळ्यात चांगला. मुकादमाचा पुतण्याही हॉलवर यायचा. एका संध्याकाळी शंभराची पैज लागली, हा जिंकला. मग पाचशेची, जिंकला. मग हजाराची. तीन संध्याकाळी चाललं आणि तिसऱ्या रात्री त्याचे अकरा हजार गेलेले होते. तो हरला कारण पैसे मोठे झाल्यावर त्याचा हात जड झाला. समोरच्याचा झाला नाही, त्याला काय फरक पडत होता? पैसा मुकादमाच्या घरातून आला आणि त्याच घरात परत गेला. फेडायचं मात्र होतं तेवढंच राहिलं, दोघांच्या अंगावर. यानं चेंडू मारले आणि तिनं तर तो हॉल पाहिलाही नव्हता.

आम्ही तेव्हा काय करत होतो? बाकावर बसून टाळ्या वाजवत होतो. आपला माणूस त्यांच्या माणसाशी हजाराच्या पैजेवर खेळतोय याचा कैफ चढला होता. कुणीही त्याच्या हातातून स्टिक काढून घेतली नाही. जुगार प्रतिबंधाच्या १८८७ च्या कायद्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. सूट आहेही. पण सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी संपत्ती नासण्याची जी सहा दारं सांगितली त्यात जुगार आहे, आणि खेळतमाशे बघत हिंडणंही आहे, म्हणजे खेळणारा एका दारात आणि बाकावरचे आम्ही दुसऱ्या दारात उभे होतो. त्या वर्षी ती दोघं हंगाम संपल्यावरही लवकर परत आली नाहीत. त्यानंतर आमच्या पोरांनी ठरवलं, पैज लावायची नाही. भाड्याच्या वर एक रुपया नाही. जो लावेल त्याला बाकावर जागा नाही. हे पाळलं जातं. त्याचे अकरा हजार त्यानं परत आले नाहीत.

आणि दुसरी कबुली, जी आम्हाला सुचलीच नव्हती.

आमच्यातल्या एकाची बहीण स्पर्धा परीक्षा करते. विहारातल्या कॅरमवर ती आम्हा सगळ्यांना हरवते, तिच्याशी खेळायला पोरं कारणं सांगतात. १४ एप्रिलच्या स्पर्धेत तिनं क्वीन आणि कव्हर इतक्या शांतपणे घेतलं की पंचच गडबडला. चेन्नईची खाझिमा, रिक्षा चालवणाऱ्याची पोरगी, २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक खेळली आणि तीन सुवर्णपदकं घेऊन आली, तिचा फोटो हिच्या अभ्यासाच्या वहीत लावलेला आहे. हॉलमधल्या कागदाची गोष्ट आम्ही घरी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, कसं कलम काढलं, कसं लावायला लावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, ते पाठ म्हण बरं." भावानं म्हटलं, केवळ धर्म, वंश, जात... "पुढं?" तो थांबला. आम्हीही थांबलो. "पुढं लिंग आहे," ती म्हणाली. "भिंतीवर लावताना वाचलं नव्हतं का?"

खरंच नव्हतं वाचलं. म्हणजे डोळ्याखालून गेलं होतं. त्या हॉलमध्ये आजवर एकही मुलगी आलेली नव्हती आणि हे आम्हाला कधी खटकलंही नव्हतं. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजा, हे बाबासाहेबांचं म्हणणं आम्ही दर जयंतीला माइकवर सांगतो. मालकाला जे ऐकवलं ते स्वतःला ऐकवायची वेळ आली तेव्हा आमच्यातले तिघं लगेच म्हणाले, "तिथं वातावरण बरोबर नसतं, ताई." आम्ही रोज चार तास जिथं बसतो, जिथल्या बाजूनं आम्ही विहारात वाद घालणार होतो, तिथलं वातावरण. ती म्हणाली, "मग ते बरोबर करा, नाहीतर कागद काढा."

मालकाकडं गेलो. तो पहिल्यांदा हसला, मग म्हणाला, लोक काय म्हणतील. आम्ही भिंतीकडं बोट केलं. तो म्हणाला, रविवारी दुपारी बघू, गर्दी नसते तेव्हा. गर्दी नसते तेव्हा, हे आम्हाला आवडलं नाही. पण तिनं सांगितलं, आधी आत तर जाऊ, गर्दीचं नंतर बघते.

रविवारी त्या चौघी आल्या. शटर मालकानं पूर्ण वर केलं होतं. आम्ही कधीच ते तसं पाहिलं नव्हतं, गाळ्यात उजेड पडला आणि कापडावरचे सगळे डाग दिसायला लागले. बाकावर दोन पोरं बसली होती, ती उठून उभी राहिली, मग काय करावं ते न कळून पुन्हा बसली. तिनं स्टिका एकेक करून टेबलावर लोळवून बघितल्या आणि सरळ होती ती घेतली. हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आम्ही तिला दुसरं टेबल दिलं, उताराचं. उतार आहे हे सांगितलं नाही. पहिल्या दोन फ्रेम ती हरली, साठ रुपये मोजून दिले, नको म्हटलं तरी दिले. तिसऱ्या फ्रेमला तिनं पांढरा हातात घेतला, टेबलाच्या मधोमध ठेवला, बोटानं हलकेच सोडला आणि तो कुठं जातोय ते बघत उभी राहिली.

पुढच्या रविवारचा नंबर तिनं वहीत स्वतः लिहिलाय, संध्याकाळी सहाचा. विहारातलं वाचन सातला असतं. त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आम्ही निरोप दिलाय, सहाला हॉलवर या, मग सोबतच विहारात जाऊ. अजून ते हो म्हणालेले नाहीत.

जय भीम.